बाळंतिणीच्या घरी जाताना: आई-बाळाचं नातं जपणारी घरभेट, पायरी पायरीने

बाळंतिणीच्या घरी गेलं की आपले हात आपोआप पुढे होतात. "आण गं इकडे, बघू तरी!" म्हणत बाळ उचललं जातं, नाक कोणावर गेलंय याची चर्चा रंगते आणि आई खाटेवर बसून नुसती बघत राहते. आशाताई आली की काटा निघतो, बाळ झोळीत जातं, वजनाची नोंद होते. आईला विचारलं जातं ते एवढंच, की दूध येतंय ना? घरभेटीने बाळाचा जीव वाचतो हे महाराष्ट्राने जगाला दाखवलं आहे. त्याच भेटीत आई-बाळाचं नातंही बांधता येतं. त्यासाठी वेगळा तास काढावा लागत नाही, काम करण्याची पद्धत तेवढी बदलावी लागते. तिचा पहिला नियम असा: बाळ आईच्याच हातात राहू द्यायचं.

हा लेख आशा, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. नात्यातल्या किंवा शेजारच्या बाळंतिणीकडे नेमाने जाणाऱ्या बाईलाही यातलं बरंच वापरता येईल. तपासणीचा भाग मात्र तिने आशाताईवर सोडावा.

या भेटी आल्या कुठून

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात गावातल्याच बायकांना घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. नवजात बाळांचा मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ मध्ये हा कार्यक्रम आशांमार्फत देशभर सुरू झाला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी अशा सहा भेटी होतात. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. २०१८ पासून त्यात ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्याच्या भेटींची भर पडली.

बाळाला माणसाचा लळा कसा लागतो, याचं शास्त्रही मोठ्या प्रमाणात घरभेटींतूनच उभं राहिलं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ १९५४-५५ मध्ये युगांडात कंपालाजवळच्या गावांत २६ कुटुंबांकडे जात असत. साधारण दर पंधरवड्याला जायचं, बैठकीत बसायचं, गप्पा मारायच्या आणि बघायचं, असा त्यांचा क्रम होता. आई उठून गेल्यावर बाळ काय करतं, ती परत आली की कसं बिलगतं, हे त्या टिपत. ज्या आया आपल्या बाळाविषयी भरभरून, बारकाव्यानिशी सांगत, त्यांच्या बाळांचा लळा जास्त भक्कम असल्याचं त्यांना आढळलं. घरभेट करणाऱ्या बाईसाठी हे निरीक्षण फार कामाचं आहे. आईला बाळाविषयी बोलतं करायचं, म्हणजे तिचं बाळाकडे लक्ष कसं आहे ते कळतं आणि बोलता बोलता ते वाढतंही.

पायरी १: बाळ येण्याआधीची भेट

सातव्या-आठव्या महिन्यात एकदा तरी जाऊन या. दिवस भरत आल्यावर घरात धावपळ असते, तेव्हा निवांत बोलणं होत नाही. विचारायचं ते साधंच. बाळंतपण कुठे करायचं ठरलंय? माहेरी किती दिवस राहणार? रात्री जवळ कोण झोपणार? घरात कोणाचा शब्द चालतो? आधी एखादं बाळ गेलंय का? मन खचण्याचा त्रास पूर्वी कधी झाला होता का?

शेवटचे दोन प्रश्न गाळू नका. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य असल्याचं आढळलं, आणि त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच ठीक नव्हतं. म्हणजे पुढे काय होणार याची खूण आधीच दिसत असते, बघणारं कोणीतरी हवं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे एक अडचण हमखास येते. गरोदरपणात ओळख झालेली आशा सासरच्या गावची असते आणि सव्वा महिन्याच्या भेटी माहेरच्या गावची आशा करते. पुन्हा सासरी आल्यावर सगळं पहिल्यापासून. यावर उपाय सोपा आहे. मुलगी माहेरी निघण्याआधी तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर दोन्हीकडच्या आशांचे फोन नंबर लिहून ठेवा आणि शक्य असेल तर तिच्यासमोरच दुसऱ्या आशाताईला फोन लावून ओळख करून द्या. ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल तर कोणत्या कारखान्याच्या भागात जाणार तेही विचारा. दिवाळीच्या सुमारास फडावर गेलेली ओली बाळंतीण कोणाच्याच यादीत नसते.

पायरी २: घरात शिरताना

वेळ आधी कळवून जा. आंघोळ, शेक-धुरी आणि दुपारची झोप या वेळा टाळा. चपला बाहेर काढायच्या, साबणाने हात धुऊन कोरडे करायचे, सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जायचंच नाही. आधी आजीशी दोन शब्द बोलायचे. तिला डावलून थेट खोलीत गेलात तर पुढचं सगळं सांगणं वाया जातं, कारण तुम्ही गेल्यावर घरात तिचंच चालणार असतं.

मग बाळंतिणीजवळ, तिच्या पातळीवर बसा. ती जमिनीवर असेल तर जमिनीवर. पहिला प्रश्न तिला, तिच्याविषयी: "काय खाल्लंस आज? रात्री डोळा लागला का? टाके दुखतायत का अजून?" बाळाविषयी काही विचारायच्या आधी आईची विचारपूस झाली, की खोलीतल्या सगळ्यांना एक गोष्ट न सांगता कळते. इथे दोन जिवांची चौकशी आहे.

त्यानंतर म्हणा, "आता मला तुझ्या बाळाबद्दल सांग." आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. आई "काय सांगू, झोपतंच सारखं" म्हणून थांबेल. आजी पुढचं वाक्य बोलायला सरसावेल. तुम्ही आईकडेच बघत राहा. थोड्या वेळाने ती सांगू लागते: रात्री दोनला उठतं, उजवीकडे लगेच धरतं पण डावीकडे कुरकुरतं, पंख्याकडे टक लावून बघतं. हे ऐकताना कान उघडे ठेवा. बाळाबद्दल सांगण्यासारखं तिच्याकडे काहीच नसेल, किंवा "त्रास देतं, मुद्दाम रडतं" एवढंच पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्या घरी लवकर परत जायला हवं.

पायरी ३: तपासणी आईच्या हातून

वजन, तापमान, श्वास, नाळ, त्वचेचा रंग हे सगळं बघायचंच आहे. फक्त हात शक्य तिथे आईचे वापरा. दुपटं तिने सोडायचं, थर्मामीटर तुम्ही काखेत ठेवायचा आणि बाळाचा हात तिने धरायचा. काट्याच्या झोळीत तिने ठेवायचं, तिनेच उचलायचं. आकडा आधी तिला सांगा, मग वहीत लिहा.

प्रत्येक कृतीआधी आईला बाळाशी बोलायला सांगा: "आता गार लागेल हं, पटकन उरकू." कोणी हसेल, हसू द्या. बाळाला शब्द कळत नसले तरी आवाज ओळखीचा असतो, जन्माआधीपासून ऐकलेला. नवजात बाळाला साधारण वीत-सव्वा वीत अंतरावरचं सगळ्यात स्पष्ट दिसतं. कुशीत घेतल्यावर आईचा चेहरा नेमका तेवढ्यावर येतो. हे आईला करून दाखवायला लावा. बाळ शांत पण जागं असेल तेव्हा तिने तोंड जवळ नेऊन हळू बोलायचं आणि डोकं अगदी सावकाश एका बाजूला न्यायचं. बाळाची नजर मागे येते. तिला आपोआप कळतं की हे मला ओळखतं. तुमच्या दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा हे जास्त काम करतं.

पायरी ४: पाजताना बघा

निदान पहिल्या दोन भेटींत एक पाजणं पूर्ण बघा. बाळाचं तोंड मोठं उघडलंय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, हनुवटी स्तनाला टेकलीय का, गिळल्याचा आवाज येतोय का. आईला दुखत असेल तर पकड चुकलेली असते. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून बाळ सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल तर दूध पुरतंय. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे आधीच सांगा. नाहीतर सातव्या दिवशी काट्यावर आकडा कमी दिसला की घरात वरच्या दुधाची भाषा सुरू होते.

पाजण्याचा वेळ बाळाची भाषा शिकवायलाही उत्तम असतो. भूक लागली की बाळ आधी तोंड फिरवून शोधतं, मूठ चोखतं, चुळबुळ करतं, आणि रडणं अगदी शेवटी येतं. पुरे झालं की हात सैल पडतात. खेळून किंवा बघून दमलं की नजर वळवतं, जांभई देतं, उचकी लागते, बोटं फाकवतं. नजर वळवल्यावर पुष्कळ आयांना वाटतं की बाळाला मी आवडत नाही. तेव्हा सांगायचं, "ते दमलंय, जरा थांबायला सांगतंय. परत बघेल." आणि ते परत बघेपर्यंत तिच्याबरोबर थांबायचं.

मोबाइलवरून बोलणी देऊ नका. रात्री तीनला एकटीने पाजताना मोबाइल हाच तिचा सोबती असतो. दिवसातलं एखादं पाजणं मोबाइल बाजूला ठेवून कर, एवढं सुचवलं तरी पुष्कळ झालं.

पायरी ५: दिसलं ते मोठ्याने सांगा

सल्ले कमी करा, दिसलेलं जास्त सांगा. "छान करतेस" असं मोघम म्हणून काही हाती लागत नाही. "आत्ता ते कुरकुरलं, तू छातीशी घेऊन पाठीवर हात ठेवलास आणि लगेच शांत झालं. बघितलंस?" हे वाक्य तिच्या लक्षात राहतं, कारण ते खरं असतं आणि तिच्या हातून घडलेलं असतं. ते आजीच्या आणि नवऱ्याच्या देखत बोलावं. नव्या आईची घरातली पत त्याने वाढते.

चूक दिसली तर? जीवाला धोका असेल तिथे लगेच आणि स्पष्ट बोला. बाकीच्या ठिकाणी बाळाच्या तोंडून बोलण्याची युक्ती चालते: "आई, मला एवढं घट्ट गुंडाळलं की पाय हलवता येत नाहीत गं." आई हसते आणि दुपटं सैल करते. सासूबाईंनाही त्यात अपमान वाटत नाही.

एका भेटीत एकच नवी गोष्ट सांगा. सात सूचना देऊन उठलात तर सातही विसरल्या जातात, वर आपल्याला काही जमत नाही असं तिला वाटतं ते वेगळंच.

पायरी ६: आजी, मालिशवाल्या मावशी आणि बाळाचे बाबा

जुनं ते सगळं वाईट असं समजून घरात शिरणारी कार्यकर्ती फार टिकत नाही. आपल्या बाळंतपणाच्या रिवाजांत बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती आहे, हातात ताट येतं, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू आहेत, अंगाई आहे. परदेशातल्या कितीतरी आयांना यातलं काहीच मिळत नाही. तिथे राहणाऱ्या मराठी मुलींच्या आया म्हणूनच सहा महिन्यांचा व्हिसा काढून बाळंतपणाला जातात. तेव्हा यातलं चांगलं ते नाव घेऊन चांगलं म्हणा.

मग ज्याने इजा होते तेवढं ठामपणे टाळायला सांगा. चीक पिळून टाकू नये, पहिल्या तासात तोच पाजावा. मध चाटवू नये, वर्षाच्या आत तर अजिबात नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, म्हणजे बाळगुटीही नको. सहाण, पाणी, हात यांतून जंतू पोटात जातात. नाळेवर काही लावू नये. नाकाकानात तेल सोडू नये, बाळाचे स्तन पिळू नयेत. काजळाचा आग्रह असेल तर डोळ्यात घालू नका, तीट पायाच्या तळव्याला लावा, दृष्ट तिथेही लागत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. धुराने बाळाचा श्वास कोंडतो आणि त्या वायूने आईचाही जीव जाऊ शकतो. झोपवताना बाळ पाठीवर.

मालिश मात्र सोन्यासारखी संधी आहे. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना विरोध करण्यापेक्षा त्यांना सांगा, "मावशी, आठवड्यातून दोन दिवस पाय तेवढे हिला चोळू द्या, तुम्ही शेजारी बसून शिकवा." हात हलका, नजर बाळाच्या तोंडाकडे, बाळाने तोंड वाकडं केलं की थांबायचं.

काही घरांत वेगळीच गोष्ट दिसते. आजी बाळाचं सगळं करते आणि आईकडे ते फक्त पाजायला येतं. आजी प्रेमानेच करत असते. पण आईला बाळाचं रडणं ओळखायची सवयच होत नाही आणि सासरी गेल्यावर ती गांगरते. आजीला म्हणावं, "तुम्ही हिची काळजी घ्या, बाळाची तिला घेऊ द्या." हा वाद न करता सुटणारा प्रश्न आहे. कामं वाटून द्यायची: कपडे आणि स्वयंपाक आजीकडे, ढेकर काढणं आणि झोपवणं आईकडे.

बाळाला एकाच माणसाचा लळा लागतो असं नाही. बाबांनाही एक ठरलेलं काम द्या आणि त्यात कोणी लुडबुड करायची नाही. उदाहरणार्थ, रोज संध्याकाळी अर्धा तास खांद्यावर घेऊन फिरणं. बाळ माहेरी आणि बाबा दुसऱ्या गावी असतील तर व्हिडिओ कॉलवर त्यांनी बाळाला नाव घेऊन हाक मारावी. बाळासाठी त्याचा उपयोग थोडाच, पण बाबांना आपण बाप झालोय याची आठवण राहते.

आधी जीव: ही लक्षणं दिसली की बाकी सगळं बाजूला

बाळ: दूध ओढेनासं झालं, अंग सैल पडलं किंवा उठवूनही उठत नाही, झटके, छाती आत ओढली जाणं, शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, काखेतलं तापमान ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा वर, अथवा ९५.९ च्या खाली, तळहात-तळपाय पिवळे, पहिल्या २४ तासांत आलेली कावीळ, नाळेभोवती लाली किंवा पू.

आई: तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, घाण वासाचा स्राव, ताप, झटके, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, दम लागणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, स्तनात गाठ होऊन ताप.

१०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात नेणं आणि उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. नेताना बाळ आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, वरून पांघरूण घालून न्या. वाटेत बाळ गार पडत नाही आणि दूधही चालू राहतं.

पायरी ७: आईच्या मनाची विचारपूस

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं. दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर ते आजारपण समजा. आपल्याकडच्या बायका 'नैराश्य' म्हणत नाहीत. त्या म्हणतात, अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही, बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही. हे शेवटचं वाक्य विशेष लक्षात ठेवा.

दोन प्रश्न एकांतात विचारा. "गेल्या महिनाभरात उदास, हताश वाटत राहिलं का?" आणि "पूर्वी ज्यात बरं वाटायचं त्यात आता मन लागत नाही असं होतं का?" एकांत मिळत नसेल तर "टाके बघायचेत, जरा बाहेर बसता का?" म्हणून मिळवा. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर हो आलं तर पुढचा प्रश्न टाळू नका: "जीव नकोसा होतो का? स्वतःला किंवा बाळाला काही करावं असं मनात येतं का?" विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. उत्तर हो असेल तर तिला त्या दिवशी एकटं सोडायचं नाही, घरच्या विश्वासाच्या माणसाला सांगायचं आणि आरोग्य केंद्रात न्यायचं. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही.

क्वचित, बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांतच एखादी आई झोप पूर्ण उडून असंबद्ध बोलू लागते, नसलेले आवाज ऐकते, बाळाविषयी विचित्र समजुती धरते. घरचे "बाहेरचं झालंय" म्हणून देवऋष्याकडे निघतात. ही तातडीने दवाखान्यात नेण्याची वेळ असते. उपचाराने ती बरी होते. तोवर तिला आणि बाळाला कोणाच्या तरी नजरेखाली ठेवा.

मन खचलेल्या आईला "बाळाकडे बघ, किती गोड आहे, हस की" असं सांगू नका. अपराधीपणाची तिच्याकडे कमी नसते. तिची झोप, जेवण आणि औषधोपचार सांभाळा. बाळाशी बोलण्याचं, हसण्याचं काम काही दिवस आत्या, मावशी किंवा बाबांनी वाटून घ्यावं. तिच्या वाट्याला एखादा छोटा, जमेल असा क्षण ठेवावा, जसं की आंघोळीनंतर पाच मिनिटं बाळ पोटावर घेऊन पडणं.

कोणत्या भेटीत कशावर भर

तिसऱ्या दिवशी पाजणं, ऊब आणि आईचा रक्तस्राव. सातव्या दिवशी वजन, कावीळ आणि आईची झोप. बारशाची गडबड असेल तर चौदाव्या दिवसापर्यंत आई थकून गेलेली असते. तेव्हा पाहुण्यांना आवर घालण्याचं काम आजीवर सोपवा, ती ते आनंदाने करते. एकविसाव्या दिवशी मनाची पहिली नीट विचारपूस. अठ्ठाविसाव्या दिवशी रडण्याविषयी बोला.

या रडण्यावर थोडं थांबतो. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं, मग उतरतं. बऱ्याचदा संध्याकाळीच. हे आधी सांगितलेलं असलं की "माझं दूध बाधलं" हा निष्कर्ष निघत नाही. "सारखं उचललं तर सवय लागेल" हेही तेव्हाच निकाली काढा. एन्सवर्थ यांनी पुढे अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये २६ कुटुंबांना वर्षभर भेटी दिल्या. ज्या बाळांच्या रडण्याला सुरुवातीच्या महिन्यांत लगेच दाद मिळाली, ती वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. आई अगदीच वैतागली तर बाळ उताणं, सुरक्षित ठेवायचं किंवा दहा मिनिटं दुसऱ्याकडे सोपवायचं. बाळाला गदागदा कधीही हलवायचं नाही, मेंदूला इजा होते.

बेचाळिसाव्या दिवशी दीड महिन्याच्या लसींची आठवण, कुटुंब नियोजनाचं बोलणं आणि मनाची पुन्हा एकदा विचारपूस. याच सुमारास बाळ माणसाकडे बघून खरं हसायला लागतं. आईला विचारा, ते कोणाकडे बघून हसलं?

काही घरं वेगळी असतात

बाळ काचेच्या पेटीतून, म्हणजे नवजात कक्षातून घरी आलं असेल तर आई त्याला हात लावायला घाबरते. तिला वाटतं नर्सलाच हे जमतं. अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत घरी चालू ठेवायला सांगा. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून ती सुरू झाली आणि आता जगभर शिफारस होते. दिवसाला किमान आठ तास, जमेल तितकं जास्त. आजी आणि बाबांनीही पाळी लावावी. भीती मोडायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

तिसरी मुलगी झालेल्या घरात शिरताच शांतता जाणवते. गोव्याच्या त्याच अभ्यासात मुलगी होणं आणि नवऱ्याची मारहाण यांचा नैराश्याशी संबंध दिसला होता. अशा घरी भाषण देऊ नका. मुलीला नावाने हाक मारा. नाव ठेवलं नसेल तर ठेवायला लावा. आईला वेगळं गाठून विचारा, कोणी बोलतं का, हात उचलतं का. मारहाण असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आणि जिल्ह्यातलं सखी केंद्र (छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करणारं सरकारी केंद्र) याची माहिती तोंडी द्या, कागदावर देऊ नका. घरच्यांच्या हाती लागला तर तिलाच भोगावं लागतं.

बाळ गेलेल्या घरीही जा. तिथे तपासायला बाळ नसतं म्हणून भेटी बंद होतात, पण तिचे टाके ओलेच असतात आणि दूधही येत असतं.

सव्वा महिन्यानंतर

तिसऱ्या महिन्याच्या आसपास मुलगी सासरी परतते. माहेरची उसंत संपते, चूल आणि धुणं सुरू होतं. माझ्या मते या टप्प्यावरची भेट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. ती परतल्यापासून आठवड्याच्या आत जाऊन या, कार्यक्रमात तारीख असो वा नसो. सासूबाईंना बाळाच्या सवयी आईच्या तोंडून सांगायला लावा. बाळाची जाणकार ती आहे हे घरात ठरून जातं.

सहाव्या महिन्याला वरचं अन्न सुरू होतं. भरवतानाही तोच नियम, तोंड उघडलं की घास, वळवलं की थांबायचं. नवव्या महिन्याला घरोघरी एक तक्रार येते: "पूर्वी कोणाकडेही जायचं, आता मी दिसेनाशी झाले की आकांत करतं. फार बिघडलं." बिघडलेलं नसतं. आपलं माणूस कोण हे त्याला आता पक्कं कळलेलं असतं. लपून पळून जाऊ नका, "येते हं" सांगून जा आणि आल्यावर उचलून घ्या, एवढं सांगावं. कामावर परतणाऱ्या आईला हे जास्त लागू. बाळ ज्याच्याजवळ राहणार त्याची आठ-दहा दिवस आधी, तिच्या देखत सवय करावी.

बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला बघायचं ते असं: नवीन माणूस आलं की बाळ आईकडे धावतं का, धीर आला की पुन्हा खेळायला जातं का. दोन्ही होत असेल तर उत्तम. दुखलं, घाबरलं तरी कोणाकडेच जात नसेल, किंवा आईच्या डोळ्याला डोळा देत नसेल, हाकेला ओ देत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. कारण आईच्या वागण्यातच असेल असं नाही, ऐकू येण्याचा किंवा विकासाचाही प्रश्न असू शकतो.

नोंद कशी ठेवावी

२०११ मध्ये या सगळ्या नवजात भेटींच्या मालिकेसाठी आशाला २५० रुपये मोबदला ठरला. भेटीच्या नमुन्यात तापमान आहे, वजन आहे, नाळ आहे. आई-बाळात काय चाललंय याला रकाना नाही. तेव्हा कोपऱ्यात दोन ओळी स्वतःसाठी लिहा: आई बाळाविषयी काय म्हणाली, तिच्याच शब्दांत, आणि बाळ रडल्यावर कोण उठलं. मारहाणीची किंवा जिवाची गोष्ट मात्र घरात राहणाऱ्या कार्डावर लिहायची नाही, ती गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणारी) किंवा आरोग्यसेविकेला तोंडी सांगायची. महिन्याच्या बैठकीत ज्या घराची धास्ती वाटते त्या एका घराविषयी बोलायला वेळ मागून घ्या. आणि पुढच्या भेटीला निघताना दारात पोहोचण्याआधी त्या दोन ओळी वाचा, म्हणजे पहिलाच प्रश्न असा विचारता येतो: "डावीकडे कुरकुरायचं म्हणाली होतीस, आता धरतं का?"